दीड दिवसाचा गणपती आणि मामाकडची दिवाळी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. खरं नाव देत नाही, मनू म्हणू. आई 2023 च्या फेब्रुवारीत गेली, किडनीचं दुखणं होतं, शेवटी शेवटी डायलिसिस चालू होतं. वडील ट्रकवर ड्रायव्हर, लांबच्या लाइनवर, महिन्यातले मोजके दिवस घरी. वार्षिक परीक्षा होईपर्यंत मनू कशीबशी आत्याकडे राहिली आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मामाकडे, सिंहगड रोडला आली. घरात मामा, मामी, त्यांचा सात वर्षांचा मुलगा आणि आजी, म्हणजे मनूच्या आईची आई. वन बीएचके. मामा कंपनीत सुपरवायझर, मामी घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यामुळे दसरा झाला की त्या घरात भाजणीचा वास आणि पिशव्यांचे ढीग, माणसांना बसायला जागा कमीच.

कागदोपत्री काहीच झालेलं नव्हतं. वडील हयात आहेत म्हणजे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार नैसर्गिक पालक तेच, मामा नुसता सांभाळणारा. हे मुद्दाम आधी सांगतेय कारण पुढे सणांवरून जी ओढाताण झाली तिच्या बुडाशी ही भीती होती, दाजींनी दिवाळीला पोरगी नेली आणि परत पाठवलीच नाही तर आपण काय करणार. मामा हे कधी तोंडाने बोलले नाहीत, मामी मनूला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा पहिल्याच भेटीत बोलल्या.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक माहेरी तीन दिवसांचं, ते फेब्रुवारीतच संपलं. म्हणजे रीतीप्रमाणे मामाच्या घराला सण करायला काही अडचण नव्हती. पण मनूचं घर म्हणजे वडिलांचं घर, तिथे वर्षभर सण नाही. एकाच छताखाली एका मुलीला सण नाही आणि बाकीच्या चौघांना आहे, आणि त्या चौघांत आजी, जिची स्वतःची लेक गेलीय.

काय बिनसलं

सुरुवात गणपतीपासून झाली. 2023 ला चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. मामाकडे गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे त्या वर्षी 23 ला. मनूच्या वडिलांकडे, सोलापूर जिल्ह्यातल्या गावी, दीड दिवसाचा. हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. 20 तारखेला दुपारी मनूने कुणाला न विचारता वाटीत दही घेतलं, थोडे पोहे कालवले, पाटावर धुतलेला रुमाल अंथरला आणि मूर्तीसमोर येऊन बसली, निरोपाच्या आरतीची वाट बघत. मामेभाऊ हसला, म्हणाला वेडी आहेस का, आपला गौरीबरोबर जातो. तिने त्याला ढकललं, दही सतरंजीवर सांडलं, आजी ओरडल्या, भरल्या सणाला मारामारी कसली. तेव्हा मनू म्हणाली, "हा तुमचा गणपती आहे, आमचा आज जातो." त्यानंतर गौरीजेवणाला ती ताटावर बसलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली.

मामी तिला घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता, "मॅडम, हिला आम्ही काही कमी करत नाही, मग ही आमच्यात येत का नाही?" आजींचं म्हणणं हट्टीपणा आहे, बापावर गेलीय. शाळेच्या बाईंचं म्हणणं आईची आठवण येत असणार. आठवण तर येतच असणार, त्यात सांगण्यासारखं काय. पण दही कालवून बसणारी मुलगी मला हट्टी वाटली नाही. आईचं घर बंद झालं, शाळा बदलली, दप्तरसुद्धा नवीन, आणि जुन्या घरातलं जे एक तिला अजून पाठ होतं ते म्हणजे कुठल्या दिवशी काय करायचं असतं. तेही इथे चुकीचं ठरलं आणि वर सगळे हसले.

दिवाळी समोर होती आणि त्यावर घरात आधीच चार मतं झाली होती.

समोरचे पर्याय

पहिलं मत आत्याचं, फोनवरून. पोरीच्या घरात दुखवटा आहे, यंदा नवे कपडे नाहीत, फटाके नाहीत, गजरा नाही, तिच्या हाताने रांगोळीसुद्धा नको. तिचा मुद्दा अगदीच बाजूला सारण्यासारखा नव्हता. आईला जाऊन नऊ महिनेसुद्धा झाले नाहीत आणि पोर झगमग कपड्यात फिरतेय हे गावात दिसलं तर लोक बापाला बोलणार, आणि बाप आधीच अपराधी चेहऱ्याने वावरत होता. पण ही बंदी पाळायची कुठे, तर अशा घरात जिथे शेजारच्या गादीवर झोपणाऱ्या मामेभावाला नवा शर्ट येणार आहे. एकाच खोलीतल्या दोन मुलांत असा फरक केला तर नऊ वर्षांच्या पोरीला त्यातून दुखवटा कळत नाही, आपण या घरातले नाही एवढंच कळतं.

दुसरं मत मामांचं. सगळं दणक्यात करू, म्हणजे पोरीला विसर पडेल. मनापासून म्हणत होते. यात अडचण अशी की दणका तिच्या मामाच्या घरचा होता, आणि गणपतीत नेमकं तेच झालं होतं.

तिसरं मत वडिलांचं, चारही दिवस गावी पाठवा, भाऊबीजेला माझ्या भावाची पोरं आहेत, त्यांना ओवाळायला बहीण नाही. यावर मामांचा चेहराच उतरला.

आणि चौथं आजींचं, जे मला सगळ्यात अवघड गेलं. मामांना बहीण एकच होती. दर भाऊबीजेला ती यायची, पाट मांडला जायचा. आजींनी ठरवून टाकलं होतं की यंदा तिच्या जागी मनू मामाला ओवाळेल, आईची साडी फाडून तिला परकर-पोलकं शिवायचं, "लेकीची लेक ओवाळेल, पाट मोकळा नको राहायला." मनूला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. आजींच्या डोळ्यांत पाणी, मामाही हलले, मामी मात्र माझ्याकडे बघत होत्या.

त्या 'हो'चं काय करायचं

इथे थांबून जरा लिहिते, कारण नातेवाइकांची मुलं सांभाळणाऱ्या घरांत ही गोष्ट मी वारंवार बघते. दुसऱ्याच्या घरी राहणारं मूल मोठ्यांना नाही म्हणत नाही. स्वतःच्या आईला ते शंभर वेळा नाही म्हणालं असतं, पाय आपटले असते. इथे त्याला माहीत असतं की आपण राहतोय, जेवतोय, आपल्या फीची चर्चा रात्री हळू आवाजात होते. त्यामुळे "तुला चालेल ना बाळा?" या प्रश्नाला उत्तर एकच येतं आणि त्या उत्तरावर काही ठरवणं म्हणजे स्वतःलाच विचारून स्वतःच हो म्हणणं.

मग आम्ही विचारायची पद्धत बदलली. मामींना सांगितलं की प्रश्न असा ठेवा ज्याची दोन्ही उत्तरं तुम्हाला खरोखर चालणार आहेत, आणि समोरासमोर बसवून नाही, काम करता करता. मामींनी ते चकल्यांच्या वेळी केलं. मनू सोऱ्या फिरवायला बसायची, हात चांगला होता तिचा, प्रत्येक चकलीचं शेवटचं टोक बोटाने दाबून चिकटवायची, नाहीतर तेलात उलगडते हे तिला माहीत होतं. मामींनी विचारलं, भाऊबीजेला तू दादूला ओवाळशील की मामाला? (दादू म्हणजे मामेभाऊ, आहे धाकटा पण घरात सगळे दादूच म्हणतात.) बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, दादूला. आणि थोड्या वेळाने, "मामाला आई ओवाळते." ओवाळते, असं वर्तमानकाळात.

मामींनी ते वाक्य जसंच्या तसं मला येऊन सांगितलं आणि माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता, माझ्या खोलीत नाही, कढईपाशी झालेला. आईची जागा तिला भरायची नव्हती. ती जागा तिच्यासाठी रिकामी नव्हतीच.

आता आजी. त्यांच्याशी मी वेगळी बोलले. त्या बाईचं दुःख कुणाच्या गणतीतच नव्हतं. मुलगी सवाष्ण गेली, सगळे विधी सासरी, दहावं-तेरावं तिकडे, वर्षश्राद्ध तिकडे होणार, अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालायची तीही सासरच्यांनी. माहेरच्या आईच्या वाट्याला रीतीने काहीच येत नाही, तीन दिवसांचं सुतक आणि संपलं. मग त्या भाऊबीजेचा पाट धरून बसल्या होत्या, कारण तेवढंच त्यांच्या घरातलं होतं. हे त्यांच्यापुढे मांडल्यावर त्या खूप वेळ गप्प होत्या, नंतर म्हणाल्या, मग मी काय करू ते सांगा. मी म्हटलं तुम्हीच सांगा, लेकीसाठी काय करावंसं वाटतं. त्यांना अनारसे करायचे होते. लेकीला आवडायचे, आणि बिघडतात म्हणून मामी ऑर्डरीत घेत नाहीत. ठीक, अनारसे.

प्रत्यक्षात काय केलं

वडिलांना फोनवर घेतलं, ते कुठल्यातरी ढाब्यावर गाडी लावून बोलत होते, मागून हॉर्नचे आवाज. त्यांना दोन गोष्टी विचारल्या, तुमच्या घरी दिवाळीला काय काय असतं, आणि मनूला तुम्ही नेमकं कधी भेटू शकता. पहिल्या प्रश्नाला ते आधी म्हणाले, काही खास नाही हो, आणि मग दहा मिनिटं सांगत होते. आंघोळीनंतर तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडायचं आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा. किल्ला, जो आई आणि मनू मिळून करायच्या, आठ दिवस आधी हळीव पेरून. मावळ्यांची चित्रं एका पत्र्याच्या डब्यात होती, तो डबा भाड्याची खोली सोडताना सामानाबरोबर गावी गेला होता.

तारखांनी त्या वर्षी मदत केली. नरक चतुर्दशीची आंघोळ आणि लक्ष्मीपूजन दोन्ही 12 नोव्हेंबरला, रविवारी. पाडवा 14 ला, भाऊबीज 15 ला. मध्ये सोमवार 13 तारीख मोकळी. तर ठरलं असं की वडील 13 ला पुण्यात येणार, डबा घेऊन, दिवस मनूबरोबर घालवणार, आणि पाडव्याला सकाळी तिला स्वारगेटवरून गावी नेणार, भाऊबीज चुलतभावांबरोबर, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी परत. पाडव्याला मामी मामांना ओवाळणार, ते मनूने आणि तिच्या वडिलांनी समोर बसून बघावं असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं, तोही प्रश्न यात सुटला. परतीची तारीख मामांनी वडिलांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवली, वडिलांनी "हो पाव्हणं" असं उत्तर दिलं. कायद्याच्या दृष्टीने त्याला फार अर्थ नाही पण मामा त्या रात्री झोपले.

मग दादूला मनू कधी ओवाळणार? 13 लाच. आजींनी आधी नाक मुरडलं, बीज नाही तर भाऊबीज कसली, पण मग त्याच म्हणाल्या, ती गावी जातेय ना, मग निघायच्या आधी ओवाळून जाईल, त्यात काय.

कपड्यांचा तिढा मामींनी सोडवला. दोन्ही मुलांना दिवाळीला रोजच्या वापरातले साधे सुती कपडे, भारी काहीच नाही, आणि दादूला सांगितलं की यंदा घरात सगळ्यांचंच साधं. फटाके दोघांनाही नाहीत. आकाशकंदील लावायचा. आत्याला हे कळवलं, तिला पूर्ण पटलं नाही.

कारीट मामांनी मंडईतून आणलं. किल्ल्याला सोसायटीने पार्किंगमध्ये माती आणायला नाही म्हटलं, दरवर्षीची कटकट, शेवटी गॅलरीत पाटावर गोणपाट टाकून छोटासा केला.

पैशाचं एक प्रकरण मध्येच आलं. मामा बहिणीला दर वर्षी ओवाळणीत काहीतरी घसघशीत घालायचे, यंदा ते पैसे मनूच्या नावाने सुकन्या समृद्धी खात्यात ठेवायचे असं त्यांच्या मनात आलं. पण ते खातं आई-वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, आणि मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत. मनूला जानेवारीत दहा पूर्ण होणार होती. म्हणजे पैसे मामांचे, सही वडिलांची. दोघांचा एकमेकांवर फारसा विश्वास नव्हता, तरी 13 तारखेला दुपारी चहा पिताना हे बोलणं झालं आणि डिसेंबरात दोघं एकत्र पोस्टात गेले. त्याच सुमारास बालसंगोपन योजनेचा अर्जही भरून घेतला. एक पालक गेलेलं मूल नातेवाइकांकडे असेल तरी त्यात बसतं, महिन्याला 2250 रुपये मिळतात, बालकल्याण समितीपुढे जावं लागतं. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं, किंवा माहीत असून "भाचीचे पैसे सरकारकडून कशाला घ्यायचे" असं वाटतं. समितीपुढे गेल्याने मूल कुणाकडे राहतंय याची नोंद होते, हा माझ्या मते पैशांपेक्षा मोठा फायदा.

काय झालं

सगळं गोड झालं असं नाही. 12 ला पहाटे मनूने कारीट फोडलं, दादूलाही फोडायला लावलं, त्याने जीभ बाहेर काढून थू थू केलं आणि ती हसली. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या आधीच मात्र पोट दुखतंय म्हणून झोपली. मामींनी उठवलं नाही. गौरीच्या वेळी उठवून ताटावर बसवायचा प्रयत्न झाला होता, त्यामुळे हे न उठवणं मला मोठं वाटलं.

13 ला डबा आला. एका मावळ्याचा भाला तुटलेला होता, शिवाजी महाराजांची मूर्ती शाबूत. पण गॅलरीतला किल्ला दादूने आधीच स्वतःच्या प्लॅस्टिकच्या सैनिकांनी भरला होता, त्यावरून भांडण, चांगलं कडाक्याचं. वडिलांनी कुणाची बाजू घेतली नाही, खाली जाऊन मुठीने माती आणली आणि एक बुरुज वाढवून दिला. ओवाळणं दहा मिनिटांत उरकलं. मामांचा पाट कुणी मांडला नाही आणि भाऊबीजेच्या दिवशी ते कामावर गेले.

मनू ठरल्या दिवशी परत आली. आत्या वर्षश्राद्धापर्यंत मामींशी धड बोलली नाही.

2024 च्या गणपतीत मला फरक दिसला. चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी. मनू शुक्रवारी गावी गेली, दीड दिवसाचा गणपती रविवारी पोचवला, रात्री परत आली, आणि मंगळवारी मामाकडे गौरी आल्या तेव्हा पावलं काढायला होती. दोन्हीकडचं जेवली. मामींना म्हणे तिने सांगितलं, आमचा गेला, आता तुमचा. शब्द तेच, पण या वेळी कुणी कुणाला ढकललं नाही.

पुन्हा असं घर समोर आलं तर

वडिलांना गणपतीच्या आधी बोलतं करायला हवं होतं. ज्या माहितीवर सगळं फिरलं, दीड दिवस, कारीट, डबा, ती त्यांच्याकडे होती आणि त्यांना कुणी विचारली नव्हती, घरच्यांना ते फक्त पोरगी नेऊ शकणारा माणूस म्हणून दिसत होते. मूल आलं त्याच महिन्यात, सण लांब असताना, तुमच्याकडे काय असतं एवढं विचारून एका कागदावर लिहून ठेवायला कितीसा वेळ लागतो.

दादूचं मात्र राहून गेलं, घरातल्या मोठ्यांपैकी कुणीच त्याला काही विचारलं नाही. त्याची आजीच्या शेजारची जागा गेली, फटाके गेले, किल्ला अर्धा गेला, आणि कारण म्हणून त्याला मिळालं ते "ताईची आई गेलीय ना", ज्यावर सात वर्षांचं पोर काय बोलणार. फटाके दोघांनाही बंद करण्याऐवजी त्याला त्याच्या मित्राच्या बिल्डिंगखाली उडवू दिले असते तर फार बिघडलं नसतं. इथे समानतेच्या नादात त्याच्यावर जरा अन्याय झाला असं मला वाटतं, मामींना तसं वाटत नाही.

आणि आजींसारख्या माणसासाठी आधीपासून काहीतरी ठरवून ठेवावं. 2024 ला त्यांनी अविधवा नवमीला स्वतःहून व्याह्यांना फोन केला, मी येऊ का जेवायला म्हणून. गेल्या, अनारसे घेऊन. अशा वेळी माहेरची आई सहसा जात नाही. तिकडच्यांनी पाट मांडला.

सध्या वडिलांसाठी दुसरं स्थळ बघणं चालू आहे, हे आजींकडूनच कळलं. नवीन बाई आली की गावाकडच्या दिवाळीचं गणित परत बदलणार, म्हणून मामींना सांगून ठेवलंय की पुढच्या वर्षीची बोलणी पितृपक्षातच उरकून घ्या, भाजणी दळायला टाकायच्या आधी.